घरटी एक माणूस

माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात मला जेवढे धक्के बसले त्यांतले निम्मेअधिक त्या एकट्या स्विस मिस्त्रीने दिले, आणि तेही हात न उगारता, बसल्या जागी, बटाट्याची साल काढता काढता. लाँचवाल्याने आम्हां कोकणातल्या चाळीस जणांना खोरफक्कानच्या किनाऱ्याजवळ "उतरा, आली दुबई" म्हणून गळ्याएवढ्या पाण्यात उतरवलं तेव्हा मी हबकलो नव्हतो. दुबई तिथून डोंगरापलीकडे दोन दिवसांच्या चालीवर आहे हे कळलं तेव्हाही नाही. पण हा माणूस समोर बसून, तोंडावरची माशी हलू न देता, आपल्या गावची एकेक गोष्ट सांगायचा आणि माझ्या हातातला डाव कढईवर तसाच राहायचा. कांदा जळायचा. शेठ खालून ओरडायचा. आणि मिस्त्री म्हणायचा, "त्यात काय? सगळ्या गावात तसंच असतो."

मी तेव्हा दुबईच्या देऱ्यात, खाडीच्या काठी, एका सिंधी शेठच्या पेढीवर बावर्ची होतो. एकोणीसशे साठाच्या पुढची सालं. आज ज्याला अमिरात म्हणतात तिथं तेव्हा धड रस्ता नव्हता, मातीच्या भिंती, झावळ्यांच्या झोपड्या, आणि खाडीत होड्या. शेठचा धंदा घड्याळांचा. खाली दुकान आणि गुदाम, वर दोन खोल्या. एका खोलीत माझी चूल, दुसऱ्या खोलीत खिडकीला टेबल लावून हा मिस्त्री. घड्याळवाल्या कंपनीने त्याला दोन वर्षांच्या कराराने पाठवलेला. खाऱ्या हवेने घड्याळं बंद पडायची, ती चालू करायची. उंच, लाल, भाजलेल्या रताळ्यासारखं नाक, आणि उजव्या डोळ्यात ते काळं भिंग. भिंग काढायचं तो विसरायचा. भिंग लावूनच जेवायचा, भिंग लावूनच बाजारात जायचा. एकदा मासळीबाजारात त्याने भिंगातून सुरमईच्या डोळ्यात असं काही निरखून पाहिलं की कोळी म्हणाला, "हबीबी, घेणार नसशील तर घेऊ नको, पण तिला घाबरवू नको."

येताना त्याला कोणीतरी सांगितलं होतं की दुबईत काम करायचं तर हिंदी यायला हवी. ती तो माझ्या स्वयंपाकघरात शिकला. सहा महिने रोज वही घेऊन बसायचा. मी मराठी चौथी पास, तीही रत्नागिरीकडची. मी जे बोललो ते त्याने लिहून घेतलं. हमाली करणाऱ्या पठाणाला म्हणायचा, "काय रे भावा, खाल्लंस काय?" बलुची ड्रायव्हरला म्हणायचा, "जरा दमानं घे." शेठ एक दिवस कपाळाला हात लावून म्हणाला, "मिस्त्री, ये कौनसी ज़बान बोलते हो?" मिस्त्री छाती काढून म्हणाला, "हिंदी. तुम्हाला येत नाय?" मी चुलीकडे तोंड केलं. पुढेही खरं सांगायला माझी जीभ वळली नाही, कारण लाँचमधले चाळीस जण कधीच पांगले होते आणि त्या सगळ्या देऱ्यात माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं ते एकच माणूस होतं. फक्त बाई आणि पुरुष यांचा घोळ त्याला शेवटपर्यंत सुटला नाही. "माझा आई फार तापट हाय," असं म्हणायचा.

त्याच्या गावचं नाव मला कधी घेता आलं नाही. घशात बोयटाचा काटा अडकल्यावर माणूस जसा आवाज काढतो तशी त्या नावाची सुरुवात होती. अरबांना मात्र ते पहिल्या फटक्यात यायचं. गाव डोंगराच्या उतारावर, आणि उतार असा की तिथली माणसं सांगतात, आमच्याकडे कोंबड्यांनाही नाल ठोकतात, घसरू नयेत म्हणून. "हे खोटं हाय," मिस्त्री म्हणायचा, "पण पोरांना दोरी बांधतात, ते खरं हाय." पन्नासेक घरं, काळ्या लाकडाची. धान्याची कोठारं खांबांवर उभी, आणि प्रत्येक खांबावर जात्याएवढी दगडाची चकती, उंदराने वर चढू नये म्हणून. हिवाळ्यात खाली गाय आणि वर माणसं, गाईच्या उबेने वरची खोली गरम. हे ऐकून मी म्हटलं, "आमच्याकडे पण गोठा घराला लागून असतो." तो म्हणाला, "लागून नाय. खाली. गाय खोकला की आई उठतो."

त्याच्या पाकिटात एक फोटो होता. मला वाटलं बायकोचा असणार, म्हणून मी अदबीने नजर दुसरीकडे केली. त्याने हात धरून दाखवला. गाय. काळी, आखूड पायांची, कपाळावर फुलांचा मुकुट, गळ्यात माझ्या डोक्याएवढी घंटा. नाव बेला. ही बेला दोन वर्षं त्या डोंगराची राणी होती. तिथल्या गाई वसंतात चरायला वर जातात तेव्हा आपापसांत झुंजतात, आणि जी जिंकते तिच्यामागून बाकीच्या चालतात. मी विचारलं, "कोण झुंजवतो?" तो म्हणाला, "कोणी नाय. त्यांना स्वतःला ठरवायचं असतो." बैलांच्या झुंजी मी ऐकून होतो, पण गाई आपली सरदारीण निवडतात हे ऐकून मला रात्रीच्या डाळीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. घातलं होतं. दोनदा.

पण मी खरा हादरलो तो भाकरीच्या बाबतीत. माणूस बावर्ची असला की त्याचा राग भाकरीवरून चढतो. मी रोज दुपारी त्याला गरम चपाती वाढायचो, आणि हा ती न खाता फळीवर ठेवायचा. चार दिवसांनी लाकडासारखी झालेली काढून, दुधात बुडवून, मिटक्या मारत खायचा. मी तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "माझ्या हाताला वास येतो काय?" बिचारा घाबरला. मग त्याने सांगितलं की त्यांच्या गावात भाकरी वर्षातून दोनदा भाजतात. गावाची एक भट्टी, तिला पाळी लावायची, आपल्या घराच्या पाळीला सहा महिन्यांची भाकरी भाजून घ्यायची. मग ती माळ्यावर. तोडायला वेगळा सुरा असतो, एका टोकाला पाटाला जखडलेला, विळीसारखा जोर लावून दाबायचा. "ताजी भाकरी पोटाला वाईट," तो म्हणाला, "आणि घराला पण वाईट. ताजी असली की सगळे जास्त खातो." मी तौबा केली. वर्षातून दोनदा! गावी माझ्या बायकोला, हलीमाला, हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग बाकीचं वर्ष त्या बाया करतात काय?

तर त्या बाया काय करतात तेही कळलं. शेतं उभी असल्याने पावसाने आणि नांगराने माती दर वर्षी खाली सरकते. वसंतात अख्खं गाव पाठीवर टोपल्या बांधून खालच्या बांधाची माती वरच्या बांधाला नेऊन टाकतं. शेत पाठीवर वाहतात! बायका, म्हातारे, सगळे. ही सवय मिस्त्रीच्या हाडात इतकी शिरलेली की शमालचा वारा सुटून पेढीच्या अंगणात रेती साठली की हा टोपली घेऊन खालच्या कोपऱ्यातली रेती वरच्या कोपऱ्यात नेऊन टाकायचा. दुबईत वरचा कोपरा कुठला? सगळं ताटासारखं सपाट. तरी त्याला तो दिसायचा. शेठने विचारलं, "ये क्या करते हो?" मिस्त्री म्हणाला, "शेत खाली जातोय." आणि संध्याकाळी काम संपलं की गच्चीच्या शिडीवर चाळीस वेळा चढायचा, चाळीस वेळा उतरायचा. खाडीवरचे नाखवे होड्या थांबवून बघायचे. मी म्हटलं, "मिस्त्री, पाय मोडशील." तो म्हणाला, "सपाट जमिनीवर पाय विसरून जातो. मग घरी कसा जाणार?"

त्या गावात कोणाचं काहीही पूर्ण नव्हतं. घराचा एक मजला याचा, दुसरा त्याचा. खेचर चार घरांत मिळून एक. मिस्त्रीच्या घराच्या वाट्याला खेचराचा एक पाय. मी विचारलं, "कुठला?" त्याने गंभीरपणे सांगितलं, "मागचा डावा. लाथ मारतो तो." पण जंगल, डोंगरावरचं गवत आणि पाणी मात्र सगळ्यांचं. तिथं पाऊस कमी, बर्फाचं पाणी लांब दरीतून आणायचं, म्हणून पाच-सहाशे वर्षांपूर्वी त्यांच्या वाडवडिलांनी कड्याला खाचे पाडून, लाकडाच्या पन्हळी टांगून, दोन कोसांचा पाट आणला. माणसं दोरांना लटकून काम करायची. पडली तिथं क्रूस लावलेत. पाटावर एक लाकडी चाक आणि त्याला हातोडा. पाणी वाहतं तोवर हातोडा ठक ठक वाजतो. वाजायचा थांबला की राखण करणारा झोपेतून उठून धावतो, कारण कुठंतरी पन्हळ फुटली. "म्हणून आम्ही आवाजाने नाय जागा होत," मिस्त्री म्हणाला, "आवाज थांबला की जागा होतो." मला वाटतं, तो घड्याळमिस्त्री झाला तो याच्यामुळेच.

पाट ऐकल्यावर मी डाव खाली ठेवला. म्हटलं, "आमच्याकडेही पाट आहे." पावसाळा सरला की पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, दगडमातीचा बंधारा घालायचा, पाट उपसायचा, मग आगरात पोफळींना पाणी. गावची जमात दवंडी देते: घरटी एक माणूस. न येणाऱ्या घराचं पाणी तोडतात. मिस्त्री खुर्चीवरून उठला. भिंग डोळ्यातून खाली पडलं, ते त्याने उचललंही नाही. "घरटी एक माणूस!" तो म्हणाला. त्यांच्या भाषेतही अगदी तोच शब्द असतो म्हणे. त्या दिवशी त्याने ताजी चपाती खाल्ली.

आणि त्याच दिवशी त्याने मला आपलं दुखणं सांगितलं. दर वसंतात एक दिवस सगळं गाव पाटावर जातं. घरटी एक माणूस. भाडोत्री माणूस चालत नाही, रक्ताचा पाहिजे. एका लांब लाकडी पट्टीवर प्रत्येक घराची खूण कोरलेली असते, मिस्त्रीच्या घराची दोन रेघा आणि गळासारखा एक आकडा. लागोपाठ तीन वर्षं ज्या घरचं कोणी आलं नाही त्याची खूण तासून काढतात. मग पाणी बंद, आणि गाईला डोंगरावर जागा नाही. मिस्त्रीच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. एकदा तो कारखान्यात होता, एकदा इथं. तिसरी सहा आठवड्यांवर आलेली. बाप मेलेला, भाऊ नाही, घरी आई आणि बेला. खूण गेली तर बेला विकावी लागणार, आणि बेला विकली तर, तो म्हणाला, "आई हिवाळ्यात कोणाच्या खोकल्याने उठणार?"

मी विचारलं, "आई नाही का जाऊ शकत?"

"बाई चालत नाय. कामाला पण नाय, सभेत हात वर करायला पण नाय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "बाईचं काम नव्हे ते." असं मी म्हटलं. आज लिहिताना हात थांबतो, पण म्हटलं ते म्हटलं.

शेठकडे रजा मागितली. शेठ वाईट नव्हता, पण करार संपायला आठ महिने बाकी, आणि नुकतीच एक होडी कलंडून दोन पेट्या घड्याळं खाऱ्या पाण्यात भिजलेली. म्हणाला, "मिस्त्री, एक दिन की झाड़ू के लिए आदमी विलायत जाता है?" मिस्त्री वर आला, बसला, आणि त्या दिवशी त्याने हाती घेतलेलं घड्याळ उलटं जोडून बंद केलं. काटे मागे फिरायला लागले. मी त्याचं काम बिघडलेलं पाहिलं ते तेवढं एकदाच.

रात्रीचं जेवण त्याने तसंच ठेवलं आणि एकदम मला विचारलं, "तू इथं सहा वर्षं. तुझ्या गावात तुझा पाळी कोण देतो?"

मी म्हटलं, "देतो कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

आता खोटं कशाला लिहू, हा विचार सहा वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. मी दोन-अडीच वर्षांनी घरी जायचो तो आंब्यांच्या दिवसांत. आगर हिरवंगार दिसायचं. पाणी येतंय म्हणजे पाळी जातेय, एवढाही हिशेब मी केला नव्हता. मी चिडलो. म्हटलं, "मिस्त्री, तू तुझं बघ. पाटच उपसायचा ना? मग इथं उपस. फलज काय, पाटच आहे."

हे मी तोंड बंद करायला बोललो होतो. त्याने ते कायद्याचं कलम असल्यासारखं धरलं. फलज म्हणजे इथल्या अरबांचा पाट, डोंगराच्या पोटातून पाणी काढून खजुराच्या बागांना नेतात. आमचा बलुची ड्रायव्हर हत्ताच्या डोंगराकडचा, त्याच्या सासुरवाडीच्या खेड्यात जुम्म्याच्या आदल्या दिवशी फलज उपसणार होते. मिस्त्रीने तीन दिवस विचार केला. पाट आहे का? आहे. गावाचा आहे का? आहे. घरटी माणूस? घरटी माणूस. शेवटी म्हणाला, "हा प्रश्न गावाला विचारण्यासारखा हाय," आणि शेठकडून एक दिवसाची सुट्टी आणि लँडरोव्हर घेऊन आला.

त्या दिवसाचं काय सांगू! पहाटे निघून दगडाधोंड्यांतून हाडं खिळखिळी करत पोचलो. डोंगर दिसल्याबरोबर मिस्त्री गाडीतून उतरून पायीच चालायला लागला. खेड्यात पाण्याच्या पाळ्या वाटणारा एक म्हातारा होता, दाढी मेंदीने लाल, समोर जमिनीत रोवलेली एक काठी. काठीची सावली या दगडावरून त्या दगडावर गेली की पाणी या बागेतून त्या बागेत. मिस्त्रीने सावली पाहिली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा सावली पाहिली. मला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला शिकवणार. त्याने घड्याळ काढलं आणि चार मिनिटं मागे केलं. "माझा पुढं हाय," म्हणाला. सगळ्या देऱ्याची घड्याळं लावणारा माणूस! बलुची ड्रायव्हर माझ्या कानात म्हणाला, "चाचा, इसको धूप लगा है." मी तेव्हा तिशीचाही नव्हतो, पण बावर्ची म्हटला की त्याला सगळे चाचाच म्हणतात.

मग मिस्त्री पँट गुडघ्याच्या वर बांधून फलजच्या बोगद्यात उतरला. मीही फावडं उचललं, तर ओरडला, "तू नाय! घरटी एक! दोघे लागले तर मोजणार नाय!" मी खजुराखाली बसून राहिलो आणि तो सूर्य कलेपर्यंत गाळाच्या टोपल्या वर देत होता. चहा दिला, घेतला नाही. खजूर दिले, घेतले नाहीत. काम करणारे अरब आधी हसत होते, मग त्याच्या गाण्यात सूर मिळवायला लागले. संध्याकाळी तो वर आला तेव्हा नुसते डोळे पांढरे. त्याने कागद काढून आपल्या भाषेत लिहिलं की अमक्या घरच्या माणसाने एक दिवस पाटाचं काम केलं, आणि म्हाताऱ्यापुढे ठेवलं. म्हाताऱ्याने विचारलं, "याच्या घराची खूण कुठली?" मिस्त्रीने वाळूत बोटाने काढली, दोन रेघा आणि एक आकडा. म्हातारा बघत राहिला. "अशी खूण आम्ही उंटाच्या मानेवर डागतो," म्हणाला, आणि खुणेशेजारी अंगठा उठवला.

कागद मिस्त्रीच्या गावच्या सभेच्या नावाने टपालात गेला. मीही त्याच टपालाने हलीमाला चार ओळी टाकल्या. खुशाली, आणि खाली: बंधाऱ्याला आपल्या घरची पाळी कोण देतो ते कळव. मग वाट बघणं. मिस्त्री शिडी चढेनासा झाला. पाटाचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी त्याने सकाळपासून एकही घड्याळ उघडलं नाही, खिडकीशी बसून होता, मी हाक मारली तर म्हणाला, "आता ते कड्यापाशी पोचला असेल." आईचं नाव त्याने महिनाभर घेतलं नाही.

उत्तर आलं तेव्हा त्याने ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून, आणि मग मला आमच्या 'हिंदी'त सांगितलं. रविवारी चर्चनंतर सभा भरली. एक म्हणाला, वाळवंटात पाट कुठून? तेव्हा मास्तराने नकाशा आणला. नकाशावर ते खेडं सापडेना. दुसरा म्हणाला, पाट असेल, पण आपला नाही. तिसरा म्हणाला, पाणी शेवटी सगळीकडून समुद्रात जातं. पाद्र्याने विचारलं, त्या पाण्याला आशीर्वाद कोण देतो? आई दाराबाहेर उभी होती, तिला आत बोलायची मुभा नव्हती, ती दाराबाहेरून ओरडली, "ज्याला तहान लागतो तो!" मग हात वर झाले. अर्धा दिवस मान्य. अर्धाच, कारण तिथं पडून मरण्याजोगा कडा नव्हता. उरलेला अर्धा पुढल्या वसंतात स्वतः येऊन द्यायचा. तोपर्यंत खूण पट्टीवर राहील, आणि बेला डोंगरावर जाईल.

मी भडकलो. "अर्धा? दिवसभर गाळात होतास तू! मी साक्षीला आहे!"

मिस्त्री रडत होता आणि मान डोलवत होता. "बरोबर हाय. कडा नव्हता."

माझ्या पत्राचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. हलीमाला लिहिता येत नव्हतं, तिने मशिदीतल्या मुन्शींकडून लिहून घेतलेलं, पण मुन्शी बिचारे तिच्या तोंडचा शब्दही बदलायला घाबरत असणार. लिहिलं होतं:

"पाळी कोण देतो विचारलंत. सहा वर्षांनी विचारलंत, बरं झालं. मी देते. तुम्ही गेलात त्या पहिल्याच वर्षी जमातीत म्हणाले, हलीमाबी, घरटी एक माणूस पायजे, तुमचा माणूस तर दुबईला. मी म्हटलं, दवंडीत माणूस म्हणालात, पुरुष नाय म्हणालात. बाईमाणूस म्हणता ना आम्हाला? मग ते माणूस नाय का? मुकादम म्हणाले, दगड जड असतात. मी म्हटलं, पाण्याची कळशी काय कापसाची असते? तेव्हापासून जाते. पोटात आपला इकबाल होता त्या वर्षी पण गेले, दगड नाय उचलले, माती लिंपली. तुम्हाला कळवलं नाय कारण तुम्ही विचारलं नाय. पोफळीला शिपणं चालू आहे. तब्येतीला जपा."

मी चुलीसमोर उकिडवा बसलो तो उठलोच नाही. इकबाल पोटात होता. म्हणजे मी आंबे खाऊन परत आलो होतो, आणि ती पऱ्याच्या थंड पाण्यात. आगर हिरवं दिसलं तेव्हा मी लोकांना सांगितलं होतं की माझ्या दुबईच्या कमाईने हिरवं आहे. आयुष्यातले निम्मेअधिक धक्के त्या मिस्त्रीने दिले असं मी वर लिहिलं, पण सगळ्यांत मोठा धक्का माझ्याच घरातून, चौथी इयत्ताही न बघितलेल्या बाईकडून आला, आणि तोही मिस्त्रीने विचारलं म्हणून.

मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. भिंग डोळ्यात. "पत्र आला? कोण देतो तुझा पाळी?"

मी म्हटलं, "चुलतभाऊ."

"चांगला हाय," तो म्हणाला. "त्याला सलाम लिही."

करार संपल्यावर तो गेला. जाताना सगळ्यांशी हिंदीत बोलला, पठाणाला "येतो रे भावा" म्हणाला, मला मिठी मारली आणि पाठीत असा धपाटा घातला की मी खोकलो. पुढल्या वसंतात एक पत्र आलं, फोटोसकट. कड्याच्या पन्हळीवर उभा, पाय घट्ट रोवलेले. मागे लिहिलं होतं, "आर्धा दिवस दिला." अक्षरं मराठी, मीच शिकवलेली. पुढे माझी पेढी बदलली, त्याचा पत्ता कुठं गेला कळलं नाही.

हलीमाला मी त्या पत्राबद्दल कधी काही बोललो नाही. तिनेही नाही. मी दुबईतच राहिलो, मुलगा मोठा झाला, तोही इथंच आला, आता अल मनखूलला घर आहे. ती आगर सोडून यायला तयार नव्हती. दोनदा आली, दोन्ही वेळा महिन्याच्या आत "पाणी कोण बघतो" म्हणून परत गेली. गुडघे जाईपर्यंत बंधाऱ्यावर जायची, गुडघे गेल्यावर काठावर बसून इतरांना शिव्या द्यायची, आणि जमातीने तीही पाळी धरली. आठ महिन्यांपूर्वी गेली. मी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. मुलाने मला परत आणलं. गावच्या घराला कुलूप आहे.

मागल्या आठवड्यात गावाहून जमातीच्या पोरसवदा सेक्रेटरीचा फोन आला. सलाम-दुवा झाली, तो चाचरला, मग म्हणाला, "चाचा, बंधाऱ्याची यादी करतोय. तुमच्या घरचं माणूस कुणाला धरू?" नात आतून म्हणाली, "दादा, हू इज इट?" मी त्याला म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मिस्त्री फार आठवतो. असला तर नव्वदीच्या पुढं असेल, नसला तर त्याच उतारावर कुठंतरी पुरला असेल. ऐकतो की त्यांच्या देशात आता बायकाही सभेत हात वर करतात. त्याच्या आईने केला की नाही, अल्ला जाणे. भेटला असता तर एवढंच सांगायचं होतं, त्याच्याच हिंदीत. मिस्त्री, तो सलाम मी लिहिलाच नाही रे. मला चुलतभाऊ नाही.